बिनकान्याचं नाव

मी मराठीचा मास्तर होतो. हेवा, मत्सर आणि असूया यांतला फरक स्पष्ट करा, असा प्रश्न आला तर तो मला पुस्तक न उघडता सोडवता येईल. उदाहरणासह लिहा म्हटलं तर मात्र थोडं अडखळायला होईल, कारण माझ्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझं स्वतःचंच आहे आणि ते एका संगीतविषयक त्रैमासिकाच्या तयारीत घडलं.

त्रैमासिकाची कल्पना डॉक्टरांची. डॉक्टर कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत. गंगापूर रोडला खाली दवाखाना, वर घर आणि त्याच्या वर गच्ची. गच्चीवर पत्रे टाकून त्यांनी गाण्याच्या बैठकी सुरू केल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. गायकांचे घसे तपासता तपासता आपल्याला गाणं कळायला लागलं, असं ते सांगतात. मला हे तर्काला धरून वाटत नाही. दातांच्या डॉक्टरांना स्वयंपाकातलं विशेष कळतं असा काही माझा अनुभव नाही. पण गच्ची त्यांची होती, चहा त्यांचा होता आणि पहिल्या रांगेतून सगळ्यांच्या आधी येणारी 'वा'ही त्यांचीच होती.

या बैठकींत माझं काम कलाकाराची ओळख करून देण्याचं. निवृत्त झाल्यापासून दर महिन्याला मी पंचवटीतून रिक्षाने तिथे जातो आणि चार मिनिटं बोलतो. लोक मला 'ओळख करून देणारे सर' म्हणून ओळखतात. माझी ओळख कोणी करून दिल्याचं मला आठवत नाही.

तर एका बैठकीनंतर सतरंज्या गोळा करताना डॉक्टर म्हणाले, "सर, नाशकातून संगीताचं एक दर्जेदार त्रैमासिक निघायला हवं. काढू या. आणि संपादक म्हणून आपण अर्थातच..."

तेवढ्यात त्यांना फोन आला. कोणाच्या तरी कानात झुरळ गेलं होतं. डॉक्टर खाली पळाले आणि ते वाक्य तसंच अर्धवट राहिलं. घरी येईपर्यंत मी ते पूर्ण करून टाकलं होतं. जेवण झाल्यावर एका कोऱ्या कागदावर मी माझं नाव लिहिलं, त्याखाली 'संपादक' लिहिलं आणि मग जरा लांब धरून पाहिलं.

"सही बदलताय का?" बायकोने विचारलं.

मी काय ते सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले तसं?"

"म्हणतच होते."

"म्हणजे म्हणाले नाहीत."

तिला व्याकरण शिकवलं ते मीच.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, त्या पदावर माझं नाव. दुसरी, त्रैमासिकाचं नाव 'सम'. हे नाव वीसेक वर्षं माझ्या मनात होतं. गाणारा कितीही लांब फिरून आला तरी तालाच्या ज्या मात्रेवर तो आणि तबला एकत्र येतात आणि सगळ्या श्रोत्यांच्या माना एकदम खाली जातात, ती सम. दोन अक्षरं, दोन्ही साधी. असं नाव कोणालाही सुचेल अशी मला भीती वाटायची, म्हणून ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या रविवारी सकाळी गच्चीवर आम्ही तिघं जमलो. तिसरी व्यक्ती असणार हे मला माहीत नव्हतं. द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात फ्लेक्स आणि लग्नपत्रिका तयार करणारी पंचविशीतली मुलगी होती. दवाखान्याचा नवा बोर्ड तिनेच केला होता. त्यावरचा कान इतका उत्तम होता की रिक्षावाले डॉक्टरांच्या नावाऐवजी 'कानाचा बोर्ड' म्हणायला लागले होते.

"आपली व्हिज्युअल स्टाइल ही बघणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर तीन मुद्दे लिहून आणले होते: प्रकार, नाव, रूप. एका रविवारी एक.

मुलगी मला 'सर' म्हणायची आणि डॉक्टरांनाही 'सर'. दोन्ही सरांनी एकदम मान वर केल्यावर तिने लगेच दुरुस्ती केली. ते 'डॉक्टर सर' झाले आणि मी 'मराठीचे सर'. मला ते खटकलं. गाण्याच्या गच्चीवर मला पुन्हा शाळेत पाठवल्यासारखं वाटलं.

प्रकाराबद्दल बोलण्यासारखं काही आहे असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. शास्त्रीय. अभिजात. मी आठ पानांची भूमिका लिहून नेली होती आणि त्यातली दीड वाचून झाली होती, तेव्हा मुलीने विचारलं, "सर, हे वाचणार कोण?"

"रसिक," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे इथे बैठकीला येतात ते?"

डॉक्टरांनी कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तेवढ्याच होत्या.

"मग त्यांना फोन करून सांगितलं तरी चालेल की," ती म्हणाली. चेष्टेत नव्हे, खरंच सोपं पडेल म्हणून.

मी भूमिकेची पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली. तिने सांगितलं की तिचे वडील गातात. सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहेत आणि सुट्टीच्या दिवशी पाच-सहा जणांची गायन पार्टी. एप्रिल, म्हणजे जयंतीचा महिना असला की एकही संध्याकाळ रिकामी नसते. ते असलं मासिक नक्की वाचतील, पण त्यात गाणी कशी बांधतात ते असलं पाहिजे. चाल कुठून आली, कोणी बदलली, का बदलली.

"चाल म्हणजे सिनेमाच्या गाण्यावरून उसनी घेतलेली," मी म्हणालो. मला तेव्हा ते वाक्य चांगलं वाटलं होतं.

"उसनी परत द्यावी लागते, सर. ही आम्ही ठेवून घेतो."

"वा," डॉक्टर म्हणाले.

इतक्या वर्षांत मी तिथे कित्येक कलाकारांची ओळख करून दिली. त्यातल्या निम्म्या तरी ओळखी कलाकारापेक्षा बऱ्या झाल्या असतील. डॉक्टरांची 'वा' मला एकदाही मिळाली नव्हती. हिला ती फ्लेक्सच्या दुकानातून येऊन पाऊण तासात मिळाली. मी बिस्कीट घेतलं. ते बिनसाखरेचं होतं.

पुढच्या रविवारी ती वडिलांची गाण्यांची वही दाखवायला आणणार होती. आणली, पण बरोबर वडीलही आले. गायन पार्टीतला माणूस आपली वही घराबाहेर एकटी पाठवत नाही, असं कळलं. वही ज्याच्या हाती गेली त्याच्या तोंडी गाणी गेली.

"पोरगी माझीच हाय," ते हसून म्हणाले, "पण वही नाय देत मी. म्हणून आलो."

रात्रपाळी करून सिन्नरहून थेट आले होते. कंपनीचा शर्ट अंगात तसाच होता. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि पानं स्वतःच उलटली. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी वाकून बघत होतो, एखाद्याच्या वर्तमानपत्रात डोकावावं तसे.

प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे त्या मूळ गाण्याची ओळ होती, आणि उजव्या कोपऱ्यात पेटीची पट्टी. काळी दोन. एके ठिकाणी काळी दोन खोडून काळी एक. शेजारी बारीक अक्षरात कारण दिलेलं: 'थंडी'. धृपद लाल शाईत होतं. कोरसने जिथून उचलायचं तिथे बाण होता. आणि ओळींच्या मध्येमध्ये लहान उभ्या रेघा.

"या रेघा?" मी विचारलं.

"तिथं दम घ्यायचा, सर. नायतर पुढचं नाव अर्धंच निघतं तोंडातून. जयंतीला लोक मारतील."

मी उभा जन्म गाणं ऐकलं. ऐकण्यावर लिहिलं. गाणारा श्वास कुठे घेतो असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो घेत असणार असं मी गृहीत धरलं होतं. त्या माणसाने बॉलपेनने प्रत्येक श्वासाची जागा ठरवून ठेवली होती, आणि ते पान इतकं देखणं होतं की मला त्याच्याकडे बघवेना. मी वही सोडून मुलीकडे पाहिलं. ती वहीकडे बघतच नव्हती. तिला ती पाठ होती. ती आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होती.

"गाऊन दाखवा ना एखादं," डॉक्टर म्हणाले.

"आज नको साहेब, घसा बसलाय. कंपनीत मशिनीवर ओरडून बोलावं लागतं."

डॉक्टरांनी खिशातून बॅटरी काढली. "आ करा."

त्यांनी आ केला. डॉक्टरांनी आत पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "वा."

म्हणजे आता नुसत्या घशालाही 'वा' मिळायला लागली होती.

त्या दिवशी रूपाचा प्रश्न मिटला. त्रैमासिक वहीसारखं दिसणार. फिकट निळ्या ओळी, उजव्या कोपऱ्यात बारीक टिपा, ठळक मजकूर लाल. प्रकारही मिटला. सगळं गाणं. ज्याला चाल आहे ते सगळं. डॉक्टरांनी अभिजात हा शब्द इतक्या सहज सोडला की तो त्यांचा कधी नव्हताच अशी माझी खात्री झाली. माझी आठ पानं तेवढी अजून त्याच शब्दावर उभी होती. मी ती पुन्हा लिहायला घेतली.

तिसरा रविवार नावाचा. डॉक्टरांनी तीन नावं आणली. तिन्ही संस्कृत, जोडशब्द, आणि प्रत्येकात एक तरी 'नाद'. एखाद्या सोसायटीच्या फाटकावर शोभतील अशी होती. मग मी 'सम' काढलं. वीस वर्षांनी. आवाज जरा बारीक झाला.

"सम," डॉक्टर म्हणाले. "चांगलं आहे. पण लोकांना सम-विषम पार्किंग आठवेल."

त्यांच्या दारातच ती पाटी आहे, त्यामुळे त्यांना आठवणं साहजिक होतं.

"तुझं काही?" त्यांनी मुलीला विचारलं.

"चाल," ती म्हणाली.

मला त्याच क्षणी कळलं होतं की हे नाव बरोबर आहे. मराठीत पस्तीस वर्षं काढल्यावर बरोबर शब्द कानावर पडला की अंगाला कळतो, मनाला नसला मानायचा तरी. मी लगेच बोलायला सुरुवात केली. चालचा दुसरा अर्थ डाव, कारस्थान. तिसरा, चालण्याची ढब, जी घोड्याची असते. शिवाय ल आणि ळ मध्ये लोक घोळ करतात. अर्धं नाशिक 'चाळ' वाचेल आणि भाड्याच्या खोल्यांची चौकशी करेल.

"चाळ वाचलं तरी चालेल की सर," ती म्हणाली. "नाचताना पायात बांधतात ते. तेही गाण्यातलंच ना?"

मी मराठीचा सर होतो. ते मला सुचायला हवं होतं.

"वा," असं डॉक्टर म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं कागदावर पहिल्या क्रमांकाला 'चाल' लिहिलं, दुसऱ्याला 'सम' आणि खाली स्वतःची तीन. हे 'वा'पेक्षा वाईट होतं.

नाव सरकारकडून मंजूर करून घ्यावं लागतं. ऑनलाइन फॉर्म असतो. त्यात पाच पर्यायी नावं पसंतीच्या क्रमाने द्यायची. वरचं आधीच कोणी घेतलेलं नसेल तर तेच मिळतं. कॉम्प्युटर मुलीकडे आणि शुद्धलेखन माझ्याकडे, म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघांना ते काम दिलं. मंगळवारी दुपारी मी द्वारकेला तिच्या दुकानात गेलो. बाहेर ट्रक आणि बसगाड्यांचा गोंगाट, आत कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स छापून बाहेर येत होता. गॉगल घातलेला एक नेता पायांकडून हळूहळू दिसायला लागला होता.

फॉर्म भरत भरत आम्ही नावांपर्यंत आलो.

"पहिलं चाल ना, सर?"

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण त्याआधी आणि त्यानंतर मी भाषेचा इतका वाईट उपयोग केलेला नाही. मी म्हणालो, "क्रमाला तसा काही अर्थ नसतो. बिनकान्याचं नाव आधी टाक. सरकारी कामात काना-मात्रेचा घोळ होतो. कोणी काना खाल्ला की चालचं 'चल' होतं. एकदा चुकून मंजूर झालं की बदलता येत नाही. सममध्ये काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. सुरक्षित."

असा काही नियम नाही. असा नियम मराठीच्या मास्तराशिवाय दुसऱ्या कोणाला सुचलाही नसता. तो खरा वाटेल अशा आवाजात सांगायला मात्र पस्तीस वर्षांची नोकरी लागते.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने वाचलं नाही.

"बरं, सर," ती म्हणाली, आणि टाइप केलं. सम. त्याखाली चाल.

नेता मानेपर्यंत बाहेर आला होता. मी चहा नको म्हणालो आणि निघालो.

काही आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. 'सम' मंजूर झालं होतं. "चाल गेलं बहुतेक कोणाकडे तरी," ते म्हणाले. "असो. विधिलिखित. आणि सर, संपादक तुम्हीच."

अर्धं राहिलेलं वाक्य अखेर पूर्ण झालं. दोन्ही गोष्टी मला मिळाल्या होत्या. त्या संध्याकाळी मी गंगेवर, म्हणजे आमच्या नदीकाठच्या बाजारात, भाजी घ्यायला गेलो आणि ओळखीच्या दोघांना उगाच थांबवून सांगितलं. एकाने 'सम' म्हणजे गणिताचं का म्हणून विचारलं. दुसऱ्याने कोथिंबीर कशी घेतली ते विचारलं.

नावांचा क्रम बायकोला आधीच माहीत होता; आता मी तिला फक्त 'सम' मंजूर झाल्याचं सांगितलं.

"तुमचं दुसरं होतं ना?" ती म्हणाली. "पहिलं त्या पोरीचं."

"सरकारचं काही सांगता येत नाही."

"सरकारचं नाही सांगता येत," ती म्हणाली, आणि मेथी निवडायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी मुलीने मुखपृष्ठ आणलं. मला वाटत होतं, तिचं मन आता उतरलेलं असणार. कसंतरी दोन अक्षरं मध्यावर ठेवून आणेल. त्या विचाराने मला थोडं वाईट वाटत होतं आणि थोडं बरंही.

तिने लॅपटॉप उघडला. पानभर वहीच्या फिकट निळ्या ओळी. मध्यावर, शाई अजून ओली असावी अशी, एक मोठी लाल फुली. अक्षरं कुठेच नाहीत. मग तळाशी नजर गेली तेव्हा दिसलं, अगदी लहान: सम.

"तबल्याच्या क्लासात विचारून आले," ती म्हणाली. "ताल लिहिताना समेच्या मात्रेखाली फुली मारतात. मला माहीतच नव्हतं. आम्ही शाळेत फुली म्हणजे चूक समजायचो."

डॉक्टर 'वा' म्हणाले, दोनदा.

समेची खूण फुली असते हे मला माहीत होतं. तालाच्या प्रत्येक पुस्तकात ती छापलेली असते. वीस वर्षं नाव जवळ बाळगून मला ती दिसली नव्हती. आणि जन्मभर विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी ती लाल शाईनेच मारत आलो. आता माझ्याच नावाच्या जागी ती बसली होती आणि तिथे ती इतकी योग्य दिसत होती की त्या पानावर बोट ठेवायला मला एकही जागा सापडेना. मी बराच वेळ शोधली. शेवटी 'सम'च्या अक्षराचा आकार थोडा वाढवावा असं सुचवलं.

"वाढवते की," ती म्हणाली. "काना नाही म्हणून बरं पडलं, सर. जागा खूप मोकळी मिळाली."

तिच्या आवाजात काही नव्हतं. मी नीट ऐकलं. काहीच नव्हतं.

अंक निघाला. डॉक्टरांनी गच्चीवर प्रकाशन केलं, शाल आणि नारळ झाले, एका प्राध्यापकाने अंक न उघडता त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. संपादक म्हणून माझं नाव दुसऱ्या पानावर होतं. मी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

मग फोन यायला लागले. "ते फुलीचं मासिक तुमचंच ना?" असं विचारायचे. 'सम' कोणी म्हणेना. पेपर टाकणारा म्हणाला, फुलीवालं द्या एक. मनमाडहून एका पेटीवाल्यांनी फोन करून विचारलं, फुलीचा पुढचा अंक कधी? आणि ज्यांना आतलं काही आवडलं होतं त्यांना एकच आवडलं होतं: तिच्या वडिलांच्या वहीतलं जसंच्या तसं छापलेलं पान, रेघांसकट. माझ्या आठ पानांबद्दल, जी आता सहा झाली होती, एका गृहस्थांनी अभिप्राय दिला की कागद चांगला वापरलाय.

प्रत्येक फोनला मी संपादकाच्या आवाजात 'आभारी आहे' म्हणत होतो. दहा-बारा फोन झाल्यावर मला तो आवाज सहन होईना.

आधी मी डॉक्टरांना सांगितलं. दवाखान्यात पेशंटसारखा नंबर लावून आत गेलो आणि सांगितलं की नावांचा क्रम मी बदलला होता.

डॉक्टर हसले. "अहो सर, मग काय बिघडलं? नाव काय, कुठलंही चाललं असतं. फुली काय सुंदर आलीय."

मी केलेल्या अपराधाचं हे मोल. मला तो करूनही श्रेय मिळालं नव्हतं.

तिथून मी रिक्षाने द्वारकेला गेलो. ती एका लग्नपत्रिकेवर गणपती सरकवत होती, डावीकडून मध्यावर, मध्यावरून जरा वर. मी उभ्यानेच बोललो. म्हणालो, "क्रमाला अर्थ असतो."

"माहीत आहे सर. फॉर्मवरच लिहिलं होतं, पसंतीक्रम म्हणून." तिने गणपती सोडला नाही. "आणि काना-मात्रेचं मी बाबांना सांगितलं तर ते हसून हसून लोळले. म्हणाले, तुझ्या सरांचं डोकं भारी आहे."

"मग टाइप का केलंस?"

"बसा ना, सर."

मी बसलो.

"आमच्या पार्टीत एक पेटीवाले काका होते," ती म्हणाली. "ते त्यांच्या पट्टीवर अडून बसायचे. बाबांना ती उंच जायची. बाकीचे म्हणायचे, बदला पेटीवाला. बाबा म्हणायचे, असू दे, घेऊ त्याच्या पट्टीत. गाणं आपल्याच तोंडून येणारे ना." तिने गणपती जागेवर ठेवला आणि लांबून पाहिला. "तुम्ही त्या दिवशी इतके घामाघूम झाला होता, सर. मला वाटलं, जाऊ दे."

मी तिच्याकडे बघत राहिलो. वर्गात असा विद्यार्थी मिळावा म्हणून मी पस्तीस वर्षं वाट पाहिली होती. तो सिन्नरच्या कारखान्यात मशिनीवर ओरडून घसा बसवून घेणाऱ्या माणसाला मिळाला होता, त्याच्याच घरात, आणि त्याला त्यासाठी एकही तास घ्यावा लागला नव्हता. मला तिचा राग आला नाही. डॉक्टरांचाही आला नाही. त्या माणसाबद्दल मात्र जे वाटलं त्याला शब्दकोशात तीन शब्द आहेत आणि ते तिन्ही लागू होते.

"दुसऱ्या अंकाचं संपादकीय कधी देताय?" तिने विचारलं. "या वेळी एकच पान ठेवलंय हं. बाबांची दोन पानं आहेत."

"देतो," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"मग आता नाव बदलणार का मासिकाचं?"

"नाही. मंजूर झालंय."

"संपादकपद सोडणार?"

"नाही."

"मग सांगायला कशाला गेलात तिला?"

मी थोडा विचार केला. खरं उत्तर एकच होतं.

"तिला माहीत नसेल असं वाटलं होतं."